म्हातारं कुत्रं थंडीत उठत नाही, जेवत नाही. वय झालं म्हणून तसंच ठेवावं का?

ताई, तुम्ही नांदेडहून लिहिलंय की तुमचा तेरा वर्षांचा पामेरियन थंडी पडल्यापासून अर्धंच जेवतो, पाणी मात्र सारखं पितो आणि सकाळी त्याला मागून धरून उठवावं लागतं. घरातले म्हणतात, वय झालं, आता दवाखान्यात नेऊन त्याचे हाल करू नका. आणि मेडिकलवाल्यानं माणसांची अंगदुखीची गोळी अर्धी करून द्यायला सांगितलंय. ती गोळी अजून दिली नसेल तर देऊ नका. आणि उद्याच त्याला जनावरांच्या डॉक्टरांकडं न्या. असं का म्हणते ते खाली सविस्तर लिहिते.

आमचं गाव उदगीरच्या जवळ. हा सगळा भाग बालाघाटच्या पठारावरचा, पौषात पहाटे पाण्यात हात घालवत नाही. घरात सासूबाई, मालक, मी, दोन लेकरं, गोठ्यात देवणी गाय आणि खंड्या. खंड्या गावठी आहे, माझ्या लग्नाच्या वर्षी मालकांनी शेतातून उचलून आणलेलं पिल्लू. शेतीपंपाची वीज कधी दिवसा येते, कधी रात्री. रात्रीच्या पाळीला मालक हरभऱ्याला पाणी द्यायला निघाले की खंड्या पुढं. मागच्या हिवाळ्यात मात्र मालकांनी बॅटरी हातात घेतली की तो पुढच्या दोन पायांवर उभा राहायचा आणि मागचा भाग तिथंच बसायचा. पुन्हा जोर लावायचा, पुन्हा बसायचा. मालक त्याला ओसरीवर थोपटून एकटेच जायचे, आणि हा ते परत येईपर्यंत फाटकाकडं तोंड करून जागा.

सांधे धरलेत हे आम्हाला दिसतच होतं. दुसरी गोष्ट ओळखली सासूबाईंनी. गाईच्या घमेल्यातलं पाणी हा पिऊन संपवतो आणि त्याची लघवी नुसत्या पाण्यासारखी होते, ना रंग ना वास, हे त्या झाडलोट करताना रोज बघत होत्या. एक दिवस म्हणाल्या, "ह्याच्या तोंडाला येगळाच वास मारतोय. वय झालं म्हनून तोंडाला वास येत नस्तोय, आत कायतरी बिघडलंय. उद्या घेऊन जावा." त्यांच्या या शब्दावर आम्ही त्याला उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी काय केलं ते सांगते, कारण तुम्हालाही घरी करून बघता येईल. त्यांनी त्याचा ओठ वर करून हिरडी बोटानं दाबली आणि बोट काढलं. दाबल्यावर जागा पांढरी पडते, आणि धडधाकट कुत्र्यात दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी होते. मग मानेवरची कातडी चिमटीत धरून वर ओढली आणि सोडली. ती लगेच खाली बसायला पाहिजे. खंड्याची हळूहळू बसली, म्हणजे अंगात पाणी कमी. दिवसभर पाणी पिणाऱ्या कुत्र्याच्या अंगात पाणी कमी कसं, हा प्रश्न मी तिथंच विचारला. डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंड थकलं की त्याला लघवी घट्ट करता येत नाही. पाणी अंगात न थांबता बाहेर जातं, म्हणून जनावर सारखं पीत राहतं, तेवढ्यावरच त्याचं कसंबसं भागत असतं. थंडीत घमेल्यातलं पाणी गार पडलं की ते थोडं कमी पितं, आणि तेवढ्यानंही तोल जातो. मग मळमळ, उलटी, जेवणावरची वासना जाणं. हिवाळ्यात म्हातारी कुत्री अचानक बसली असं जे आपल्याला वाटतं, त्यातल्या काहींच्या बाबतीत हेच कारण असतं.

रक्त तपासलं. क्रिएटिनीन, म्हणजे मूत्रपिंडानं लघवीवाटे बाहेर टाकायचा रक्तातला कचरा, तीनच्या वर निघालं. कुत्र्यात ते साधारण 1.4 पर्यंत चालतं. 2.9 ते 5 म्हणजे मूत्रपिंडाच्या आजाराचा तिसरा टप्पा, त्याच्या वर चौथा. आणि हा आकडा वाढलेला दिसेपर्यंत मूत्रपिंडाचं जवळपास पाऊण काम बंद पडलेलं असतं, म्हणून "आणखी आठ दिवस बघू" यात मोलाचा वेळ जातो. गोचीड चावून येणाऱ्या तापासाठी प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, त्याही बघितल्या. गोचीड थंडीत मरत नाही, भिंतीच्या फटीत दडून बसतं. तुमचा कुत्रा घरातला असला तरी ही तपासणी करून घ्या.

आता गोळीचं. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात व्रण होऊन रक्त जातं आणि मूत्रपिंडाकडचा रक्तपुरवठा कमी होतो. पॅरासिटामॉल यकृतावर आणि रक्तपेशींवर जातं. कुत्र्यांसाठीची मेलॉक्सिकॅमसारखी औषधंसुद्धा चांगले डॉक्टर मूत्रपिंड तपासल्याशिवाय म्हाताऱ्या कुत्र्याला सुरू करत नाहीत. तुमचा कुत्रा भरपूर पाणी पितो हे तुम्हीच लिहिलंय, म्हणून तर मला जास्त काळजी वाटते. सांधे दुखतात म्हणून गोळी द्यायची आणि आतून मूत्रपिंड बंद पाडायचं, असं व्हायला एक-दोन दिवस पुरतात. खंड्याला डॉक्टरांनी वेगळ्या जातीचं दुखण्याचं औषध कमी मात्रेत दिलं, मळमळीचं दिलं, आणि आठवड्यातून काही दिवस कातडीखाली सलाईन.

ते सलाईन आता मालक घरीच देतात, डॉक्टरांनी समोर बसवून शिकवलं. बाटली आधी कोमट पाण्यात ठेवायची, गार सलाईन अंगात गेलं की जनावर काकडतं. दोन खांद्यांच्या मधली कातडी तंबूसारखी वर उचलायची आणि सुई त्या पोकळीत घालायची. पाणी उतरतं तसा तिथं मऊ फुगा येतो, मग तो सरकत पुढच्या पायाकडं उतरतो आणि काही तासांत जिरून जातो. पहिल्यांदा तो फुगा बघून माझी लेक रडायला लागली होती, आता तीच बाटली धरून उभी राहते. पण हे स्वतःच्या मनानं कुणी सुरू करू नये. हृदयाचा त्रास असलेल्या कुत्र्याला जास्तीचं पाणी फुफ्फुसात उतरू शकतं. झोपेत असताना श्वास मोजा, मिनिटाला तीसच्या आत असायला हवा. त्याहून सतत जास्त असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

घरात काय बदललं? सगळ्यात आधी झोपायची जागा. आपल्याकडं खाली शहाबादी फरशी, ती रात्रभर गार मारते, आणि नुसतं पोतं टाकलं तर खालून ओलही धरते. आम्ही जुन्या दाराची फळी दोन विटांवर टेकवली, त्यावर बारदाना, त्यावर सासूबाईंची जुनी वाकळ. कोपराला घट्टे पडू नयेत म्हणून दिवसातून कूस बदलतो. शेकोटीपासून मात्र लांब ठेवा. म्हाताऱ्या कुत्र्याला ऊब हवी असते म्हणून ते निखाऱ्याला खेटून बसतं आणि भाजायला लागलं तरी पटकन उठता येत नाही. सकाळी नऊच्या पुढं अंगणात ऊन येतं तेव्हा त्याला बाहेर काढतो. उठवताना मागचे पाय ओढू नका, दुखतं. मालक जुनं उपरणं पोटाखालून, मागच्या पायांच्या पुढं घेतात, दोन्ही टोकं वर धरतात आणि त्याचं वजन तेवढं उचलतात. पाय तो स्वतः टाकतो. चार पावलं स्वतः टाकली की त्याचं शेपूट हलायला लागतं, हे बघितलं की दिवसभराचा शीण जातो.

पाणी कोमट, आणि एका ऐवजी तीन ठिकाणी. सासूबाई पहाटे चुलीवर सगळ्यांच्या आंघोळीचं पाणी ठेवतात, त्यातलाच तांब्या खंड्याच्या वाडग्यात विसणतात. जेवणात मटणाची हाडं बंद, त्यात फॉस्फरस भरपूर असतं आणि थकलेल्या मूत्रपिंडाला ते बाहेर टाकता येत नाही. मऊ भात, उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग, थोडं तूप, डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच चिकन. कोमट करून दिलं की वास सुटतो आणि मळमळणारं कुत्रंही एखादा घास घेतं. खाल्लं नाही तर तोंडात कोंबू नका. त्यानं त्या जेवणाचीच शिसारी बसते.

आपल्याकडचा हिवाळा सणांचा, तिथं जपावं लागतं. वेळ अमावस्येला सगळं गाव शेतात, कडब्याच्या कोपीत भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, आणि पाहुण्यातला प्रत्येक जण "घे रे बाबा" म्हणत कुत्र्याला घास टाकणार. भज्जीत लसूण असतो, हुरड्याच्या चटणीत लसूण असतो, आणि कांदा-लसणानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. द्राक्षं आणि मनुका तर धडधाकट कुत्र्याचंही मूत्रपिंड निकामी करू शकतात. आम्ही खंड्याला बैलगाडीतून शेतात नेलं होतं. लेकरांनी त्याच्या शेजारी बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचं काम घेतलं, "ह्याचं जेवण येगळं हाय, तुमी देऊ नका." त्यानंही कोपीच्या दारात उन्हात पडून सगळा दिवस बघितला.

लेक एका वहीत रोज लिहिते: पाणी किती तांबे, जेवला का, उलटी झाली का, लघवीला स्वतः गेला का. दर रविवारी वजन. मालक त्याला उचलून काट्यावर उभे राहतात, मग एकटे, वजाबाकी केली की झालं. डॉक्टर आधी ती वहीच मागतात.

हाल करू नका, असं तुमच्या घरचे म्हणतात ते मायेपोटी म्हणतात, ते मला समजतं. पण तपासणी म्हणजे एक सुई आणि तासभराचा वेळ. दुखतंय आणि सांगता येत नाही हे हाल त्याहून मोठे. गावात आम्हाला एकानं नेऊन लांब सोडून यायचा सल्ला दिला होता. उपाशी-तहानलेलं मरेल अशा ठिकाणी जनावर सोडून देणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी सासूबाईंनी त्या माणसाला ओसरीवर बसू दिलं नसतं. पुढं कधी औषधानंही दुखणं हटेना, तोंडात घास जाईना, आपल्याला बघून डोळे उघडेनात, तर शांतपणे निरोप देण्याचं इंजेक्शन असतं. त्याबद्दल डॉक्टरांशी मोकळं बोला. आम्हीही बोलून ठेवलंय. तो निर्णय त्याचे वाईट दिवस चांगल्या दिवसांहून जास्त झाले की घ्यायचा, आणि तुम्ही तर अजून आजार काय आहे हेच तपासलेलं नाही. खंड्या यंदाचाही हिवाळा आमच्यात काढतोय. बारीक झालाय, हरभऱ्याच्या पाळीला जात नाही, पण बॅटरी उचलली की कान अजून टवकारतो.

तुम्हाला नांदेडहून परभणी किंवा उदगीर, दोन्हीकडं पशुवैद्यकीय महाविद्यालयाचे दवाखाने आहेत. गावातच चांगले डॉक्टर असतील तर आणखी बरं. निघताना सकाळची पहिली लघवी स्वच्छ कोरड्या बाटलीत धरा, पसरट ताटली खाली सरकवली की जमतं. क्रिएटिनीन, युरिया, प्लेटलेट्स आणि लघवीतली प्रथिनं बघायला सांगा, आणि दुखण्याचं औषध रिपोर्ट बघूनच लिहा असं स्पष्ट म्हणा. घरात कुणी तुम्हाला न सांगता ती अर्धी गोळी दिली असेल तर नाव आणि वेळ लिहून न्या. आणि काळी, डांबरासारखी शी झाली किंवा उलटीत रक्त दिसलं तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच निघा.