जुन्या छायाचित्रांतल्या महिला मल्ल : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : जुन्या अमेरिकी मासिकांतली महिला मल्लांची काही चित्रे हाती आली आहेत. मूळ छायाचित्र कोणते आणि छापील पान कोणते, हे कसे ओळखावे? ती कोणत्या काळातली आहेत, हे कशावरून ठरवावे?

उत्तर : दहापट मोठे दाखवणारे भिंग घ्या आणि गालावरची करडी सावली बघा. ओळीत मांडलेले ठिपके दिसले की ते छापील पान. मूळ छायाचित्रात छटा सलग उतरत जाते. फसगत होते ती एका ठिकाणी : कागद छायाचित्राचा, पण आत ठिपके. तसे असेल तर कोणीतरी छापील पानाचाच पुन्हा फोटो काढला आहे.

मूळ प्रतीचा काळ तिच्या मागच्या बाजूवरून कळतो. तिथे अनेकदा छायाचित्रकाराच्या पत्त्याचा शिक्का असतो. शहराच्या नावापुढे एक-दोन आकडी टपाल विभाग क्रमांक असेल, तर शिक्का बहुधा १९४३ ते १९६३ मधला. पाच आकडी झिप कोड (अमेरिकेतला पिन कोड) असेल तर तो जुलै १९६३ किंवा नंतरचा, कारण ती पद्धत तेव्हा सुरू झाली. मात्र हा काळ शिक्क्याचा आहे. जुन्या निगेटिव्हवरून नंतर काढलेल्या प्रतीवरही नवा शिक्का येतो. तारखांचे अनेक शिक्के असतील तर सर्वांत जुना धरा. बाकीचे पुन्हा छापल्याचे असू शकतात.

प्रश्न : चित्राखाली ‘विश्वविजेती’ असे लिहिले आहे. त्यावरून नाव आणि वर्ष लावता येईल का?

उत्तर : फक्त त्या शब्दावर विसंबू नका. मिल्ड्रेड बर्क १९३७ पासून विजेती म्हणून मिरवली. ऑगस्ट १९५४ मध्ये अटलांटात तिची जून बायर्सशी लढत झाली. पहिला डाव बायर्सने घेतला, दुसरा निकाली न लागताच लढत थांबवली गेली आणि पुढे दोघीही स्वतःला विजेती म्हणवू लागल्या. सप्टेंबर १९५६ मध्ये बाल्टिमोरला लिलियन एलिसन विजेतेपदाची लढत जिंकली. ‘फॅब्युलस मूला’ हे तिचे नाव त्यानंतरचे. ‘स्लेव्ह गर्ल मूला’ असे छापलेले असेल तर चित्र बहुधा त्याआधीचे.

नाव लावताना चेहऱ्याची तुलना तारीख ठाऊक असलेल्या दुसऱ्या चित्राशी करा. केशरचना लवकर बदलते, कानाची ठेवण सहसा बदलत नाही. चित्र उलटे छापले गेले नाही ना, हे रिंगणाच्या कडेवरची अक्षरे पाहून तपासा. एथेल जॉन्सन, बॅब्स विंगो आणि मार्व्हा स्कॉट या कृष्णवर्णीय मल्ल सख्ख्या बहिणी होत्या. आडनावानुसार वर्गवारी केली की त्या तीन ठिकाणी विखुरतात, म्हणून प्रत्येकीच्या नोंदीत उरलेल्या दोघींची नावे जरूर लिहा. या मल्लांविषयी आधीच फार थोडे छापले गेले आहे.

आणखी एक कसोटी : न्यू यॉर्क राज्यातली महिलांच्या व्यावसायिक कुस्तीवरची बंदी १९७२ मध्ये उठली. न्यू यॉर्क शहरातल्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधली महिलांची लढत म्हणून दाखवलेल्या चित्राखाली १९६० चे दशक लिहिले असेल, तर ठिकाण किंवा काळ यांतले काहीतरी चुकले आहे.

प्रश्न : स्कॅन केल्यावर छापील चित्रावर जाळीसारखे पट्टे उमटतात.

उत्तर : छपाईच्या ठिपक्यांची जाळी आणि स्कॅनरच्या बिंदूंची जाळी एकमेकींवर पडून हे होते. ६०० डीपीआयवर (दर इंचाला ६०० बिंदू) स्कॅन करा, ‘डीस्क्रीन’ हा छपाईचे ठिपके पुसणारा पर्याय चालू ठेवा, मग चित्र ३०० डीपीआयवर आणा. पट्टे राहिलेच तर पान १० ते १५ अंश तिरपे ठेवून पुन्हा स्कॅन करा आणि संगणकावर सरळ करा. मूळ छायाचित्राला मात्र डीस्क्रीन लावू नका, बारीक तपशील पुसट होतात. पानामागचा मजकूर उमटत असेल तर मागे काळा कागद ठेवा.

प्रश्न : पाने पिवळी पडून तुटू लागली आहेत.

उत्तर : स्वस्त कागदातल्या लिग्निन या लाकडाच्या घटकामुळे आणि आम्लामुळे असे होते; गेलेला रंग परत येत नाही. गंजलेल्या पिना टोके सरळ करून हळूच काढा. पान पॉलिएस्टरच्या पाकिटात, आम्लमुक्त पुठ्ठ्यासह ठेवा. पीव्हीसीचे पाकीट आणि चिकटपट्टी टाळा. छायाचित्राच्या पाठीवर बॉलपेनने काही लिहू नका, दाब पुढच्या बाजूला उमटतो.