भाचा लिचेस या ऑनलाइन बुद्धिबळाच्या साइटवर ब्लिट्झमध्ये (झटपट गेममध्ये) 2100 रेटिंगले अडकला, पुढं काय करावं?

भाऊ, तुम्ही टाकलेले गेम पाहिले. पोट्टा दमदार आहे. अटॅक मस्त करते, घोडा घुसवून राजापुढची प्यादी फोडते, अन् कोच नसताना खेड्यात बसून 1700 वरून 2100 म्हणजे लय मोठी गोष्ट आहे.

पण हारलेले गेम बघा ना, बहुतेक एकाच जागी हारून राह्यला, वजीर उतरले की त्याले काही सुचतच नाही, हत्ती मागं ठेवून प्यादं सांभाळत बसते, अन् हत्तीच्या एंडगेममध्ये (शेवटी मोजकीच मोहरी उरतात तेव्हा) हत्ती मोकळा फिरता पाहिजे, त्यापायी एखादं प्यादं गेलं तरी बरेचदा चालते. हत्तीच्या एंडगेममधल्या लुसेना (जिंकायची) अन् फिलिडोर (बरोबरी राखायची) या दोन पोझिशन आधी पक्क्या करून घ्या, झोपेतून उठवून विचारलं तरी आल्या पाहिजे.

3 मिनिटाचे गेम कमी करा. 15 मिनिट अन् दर चालीले 10 सेकंद असे खेळू द्या, गेम झाला की आधी चूक स्वतः शोधायची, मंग स्टॉकफिश (चाली तपासणारं कॉम्प्युटर इंजिन) लावायचं, लिचेसवर ते फुकटच आहे. काळ्याकडून दर वेळी ओपनिंग (सुरुवातीच्या चाली) बदलते तेही थांबवा, कारो-कान घ्या अन् सध्या तेच खेळू द्या.

अन् एक, लिचेसचं रेटिंग फिडेच्या (जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या) रेटिंगपेक्षा सहसा जास्तच दिसते, म्हणून त्याले खऱ्या पटावर बसवा. नागपूरची दिव्या देशमुख 2025 मध्ये महिला वर्ल्ड कप जिंकून ग्रँडमास्टर झाली, आपल्याच भागातली पोरगी आहे. नागपुरात रेटेड टूर्नामेंट निघाली की घेऊन जा.