काढ्याने इम्युनिटी वाढवू का?

प्रश्न : माझ्या मिस्टरांचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा होतं, मानेतल्या कॅथेटरमधून. कोलेस्टेरॉल नॉर्मल, ताप नाही, तरी सीआरपी (अंगातला दाह दाखवणारी रक्ततपासणी) वाढलाय. हाताच्या एक्स-रेत रक्तवाहिनी पांढरी दिसली. हृदयाला जपा म्हणतात. दीर म्हणतात, इम्युनिटी कमी पडतेय, गुळवेलीचा काढा द्या. देऊ का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : नको, ताई. दिरांचं निदान अर्धंच बरोबर आहे. डायलिसिसवरच्या माणसाची प्रतिकारशक्ती म्हणजे जागरणाने कावलेला राखणदार. चोर आला की पेंगतो आणि घरच्यांवर काठी उगारतो. हिपॅटायटिस बीची लस या पेशंटना दुप्पट मात्रेत द्यावी लागते, ती या पेंगण्यामुळे. त्याच वेळी मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी कारण नसताना चवताळतात, रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला चिकटतात आणि दाह चालू ठेवतात. काढ्याने यातलं नेमकं काय वाढवायचं?

या पेशींना चिथावणारे पदार्थ मशीनने पुरते निघत नाहीत. इंडॉक्सिल सल्फेट हे त्यातलं एक. ते रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून बसतं, डायलायझरच्या (मशीनच्या गाळणीच्या) जाळीतून फारसं जातच नाही. त्यात फॉस्फरस वाढला की रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या स्नायूपेशी चक्क हाडाच्या पेशींसारख्या वागू लागतात, कॅल्शियम साठवतात. एक्स-रेतली पांढरी रेघ ती हीच. कोलेस्टेरॉलशी तिचं नातं थोडंच. डायलिसिसवर आल्यानंतर स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी, सुरू करून पाहिली, 2005 च्या फोर-डी आणि 2009 च्या अरोरा या दोन्ही मोठ्या चाचण्यांत हृदयाला ठळक फायदा दिसला नाही. (आधीपासून चालू असेल तर मनाने बंद करू नका.)

माझा पहिला संशय कॅथेटरवर आहे. शरीरात राहिलेली ती नळी ताप नसतानाही दाह धुमसत ठेवू शकते. डायलिसिस चालू असताना हुडहुडी भरते का, नळीच्या तोंडाशी लाली किंवा पू आहे का, ते बघा. फिस्टुला (डायलिसिससाठी हातातली धमनी आणि शीर जोडणं) कधी करणार, हे डॉक्टरांना आडपडदा न ठेवता विचारा. हिरड्या आणि किडलेले दातही दाखवून घ्या. त्यांच्याकडे कुणाचं लक्षच जात नाही.

फॉस्फरस कमी करणारी गोळी घासाबरोबर घ्यायची असते. बऱ्याच घरांत ती सकाळच्या इतर गोळ्यांबरोबर रिकाम्या पोटी जाते, म्हणजे वायाच. काढ्यातून पोटॅशियम किती जातं याचा नेम नसतो, वर तो कपही दिवसाच्या पाण्याच्या हिशेबात धरावा लागतो.

इम्युनिटीसाठी काही करायचंच असेल, तर हिपॅटायटिसच्या लसीनंतरची अँटी-एचबीएस तपासणी (लसीने किती संरक्षण तयार झालं ते मोजणारी) झाली का ते फाइलमध्ये पाहा. आकडा 10 च्या खाली असेल तर बूस्टर मागून घ्या.