क्रोन्ससाठी (आतड्याच्या सुजेचा जुनाट आजार) डॉक्टरांनी सहा आठवडे फक्त पावडरचं दूध सांगितलंय. वय 34, बँकेत नोकरी. मोठ्या माणसाला जमतं का? कोणती पावडर घ्यावी?

जमतं. तुम्ही काउंटरमागे बसून करणार, मी मालवणात माझ्या खानावळीत सुरमई तळत केलंय. त्यामुळे "नोकरी सांभाळून कसं होणार" हा प्रश्न मला फारसा शिवत नाही. जमत नाही ते घरच्यांमुळे, आणि तेच सांगायला बसलेय.

पावडरीचं आधी उरकते. साध्या, अख्ख्या प्रथिनांच्या पावडरीने भागतं. प्रथिनं आधीच तोडून बारीक केलेली, पेप्टाइडवाली किंवा एलिमेंटल म्हणून दुप्पट-तिप्पट भावाने गळ्यात मारतात, तिचा क्रोन्समध्ये जास्त गुण येतो असं अभ्यासांत दिसलेलं नाही. चवीला ती कडवट, वर महाग. मॉड्युलेन नावाची अख्ख्या प्रथिनांची पावडर मिळाली तर घ्या, नाहीतर तुमचे आहारतज्ज्ञ सांगतील ती. मात्र ती संपूर्ण आहार म्हणून बनवलेली हवी. जिममधली प्रोटीन पावडर नको, चॉकलेटच्या चवीचं पोरांचं दुधात घालायचं तर मुळीच नको. किती प्यायची ते वजनावर. किलोमागे 25 ते 30 कॅलरी धरतात, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 1500 ते 1800. नेहमीच्या घोलात एका मिलिलिटरला एक कॅलरी, तेव्हा दिवसाला दीड ते 1.8 लिटर. बाकी पाणी. कोरा चहा माझ्या आहारतज्ज्ञ बाईंनी चालवून घेतला, तुमचे घेतील की नाही ते त्यांना विचारा.

आता मुद्द्यावर येते. माझ्या पहिल्या डॉक्टरांनी हे नावही काढलं नव्हतं. मीच कुठेतरी वाचून विचारलं, तर म्हणाले, "ते लहान मुलांसाठी असतं, मोठ्यांना झेपत नाही." आणि स्टेरॉइड लिहून दिलं. त्याआधी टीबी समजून टीबीच्या गोळ्या खाऊन झाल्या होत्या. आपल्याकडे हे बऱ्याच जणांचं होतं, आतड्याचा टीबी आणि क्रोन्स दिसायला सारखेच. स्टेरॉइडने पोट थांबलं, पण तोंड सुजून गरगरीत झालं, साखर वाढली. डोस उतरवला की पुन्हा जुलाब, पुन्हा उजव्या कुशीत कळ. मग गोव्याला दाखवलं, तिथे हे सुचवलं.

लहान मुलांच्या क्रोन्सला हाच पहिला उपचार मानतात, हे खरं. पण 1984 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेला अभ्यास मोठ्या माणसांवरचाच होता. रुग्ण 21, म्हणजे थोडेच. एका गटाला एलिमेंटल आहार, दुसऱ्याला प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, आणि आहारवाले काही मागे पडले नव्हते. पुढे कोक्रेन या, अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या 2018 च्या आढाव्यात मोठ्यांमध्ये आहाराने 45 टक्क्यांना आराम आणि स्टेरॉइडने 73 टक्क्यांना, असं आलं. डॉक्टर हाच आकडा तोंडावर फेकतात. त्यात मध्येच सोडून दिलेले सगळे नापास धरलेत, हे मात्र सांगत नाहीत. मोठी माणसं सोडतात का? मुलाच्या मागे आई ग्लास घेऊन फिरते. मोठ्या माणसाच्या मागे कोण फिरणार? त्यातून स्वयंपाकघर जिच्या हातात, तिच्या तर कोणीच नाही.

माझे आठवडे श्रावण-भाद्रपदात पडले. पंधरा ऑगस्टच्या जोडून सुट्ट्यांत खानावळ भरलेली. माशाच्या तिकल्यात मीठ बरोबर आहे का, हे जिभेला लावून बघायची सोय नाही, म्हणून नवऱ्याला हाका मारायच्या. लाइट गेली की फ्रिज बंद, आणि हे दूध कोमट झालं की घशाखाली उतरत नाही. मग बाटली माशांच्या खोक्यात, बर्फात खोचून ठेवायची. झाकण उघडलं की आधी बांगड्याचा वास यायचा, मग व्हॅनिलाचा. तरी प्यायले. नाक चिमटीत धरून, स्ट्रॉने, एका दमात न पिता. पहिला आठवडा वाईट, डोकं दुखतं, जिभेवर पांढरा थर बसतो, चावायला काही नाही म्हणून माणूस चिडचिडा होतो. दुसऱ्या आठवड्यात मी रात्री न उठता झोपले.

आणि मग गणपती. आमच्या थोरल्या दिरांच्या घरी सगळं खटलं जमलेलं, मुंबईहून चाकरमानी आलेले. पंगतीत मी वाढतेय आणि माझा स्टीलचा पेला खिडकीत ठेवलेला. जाऊबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "बाप्पाचो प्रसाद नको म्हणता, ह्येका काय म्हणायचा!" दिरांनी पुढे सुरू केलं, पेजेवर आपल्या पिढ्या जगल्या, तुका डब्यातला दूध कित्याक व्हया? मी उत्तर दिलं नाही, देवासमोर वाद नको म्हणून. ते इथे देते.

भावोजी, पेज मलाही आवडते. उकड्या तांदळाची, वर लोणच्याची फोड, तापातून उठल्यावर तिच्यासारखं काही नाही. पण तिच्यात पाणी आणि पिष्ट. प्रथिनं नावाला, चरबी जवळजवळ नाही, लोह-जस्त-जीवनसत्त्वं फारच कमी. सहा आठवडे नुसत्या पेजेवर राहिलं तर आतड्याच्या आधी माणूसच आटोपेल. शहाळं, सोलकढी, कुळथाची पिठी, यांतल्या एकानेही पूर्ण आहार होत नाही. आणि "पावडर पी, पण सोबत घासभर भात खा" हा सल्ला सगळ्यात घातक. बाकीचं अन्न बंद असणं हाच उपचाराचा भाग. प्रसादाचा मोदक पुढच्या वर्षीही मिळतो.

एवढं सांगून काही गोष्टी राहिल्या, त्या बारीक समजू नका. हे क्रोन्सचं आहे. अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुजेचा दुसरा आजार, असेल तर मुख्य उपचार म्हणून याचा उपयोग होत नाही. वजन फार उतरलं असेल तर पहिल्याच दिवशी पूर्ण मात्रा घेऊ नका, रक्तातलं फॉस्फेट-पोटॅशियम घसरून जीवावर बेतू शकतं. हळूहळू वाढवायचं आणि रक्त तपासत राहायचं. आतडं कुठे अरुंद झालंय का, ते आधी बघून घ्या. चालू स्टेरॉइड आपल्या मनाने तोडू नका. आणि सहा आठवड्यांनी सगळं संपलं असं नाही, पुढे टिकवायला औषध लागतं. मी अझाथायोप्रिन ही रोगप्रतिकारशक्ती आवरणारी गोळी घेते, मलातलं कॅलप्रोटेक्टिन, म्हणजे आतड्याची सूज दाखवणारं प्रथिन, अधूनमधून तपासते. जेवणही एकदम नाही, एकेक पदार्थ वाढवत.

बँकेत चोरून पिऊ नका, टेबलावर ठेवा. दोन दिवस विचारतील, मग विसरतील. घरचे विसरत नाहीत. बायको किंवा आई, जी स्वयंपाक करते तिला एकदा आहारतज्ज्ञांसमोर बसवा, तुमच्या तोंडून ऐकून तिला पटायचं नाही.

खर्चाचं तुम्ही विचारलं नाहीत, पण घरात निघेलच. डबे स्वस्त नाहीत. आमच्याकडेही हिशेब झाला, भर ओटीवर. त्याच गणपतीत दिरांनी डबलबारी, म्हणजे दोन भजनी बुवांचा सामना, ठेवली होती. दोन्ही बुवांची बिदागी, मांडव, रात्रभर आल्यागेल्याला उसळ-पाव. त्याचा हिशेब अजून कोणी मागितलेला नाही.