व्हर्जिनिया ओढताना जीभ का भाजते? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : काका नमस्कार, मी नोकरीनिमित्त इंग्लंडात लीड्सला असतो. मध्यंतरी लेक डिस्ट्रिक्टला फिरायला गेलो तेव्हा केंडलहून सॅम्युअल गॉविथ कंपनीच्या फुल व्हर्जिनिया फ्लेक या पाईपच्या तंबाखूचा डबा आणला. सगळे म्हणतात गोड लागते, मनुक्यासारखी वगैरे, मला तर नुसती जीभ भाजल्यासारखं होतं आणि पाईप सारखा विझतो. सिगरेट सोडून पाईप धरलाय. माझं काय चुकतंय?

उत्तर : आधी शेवटच्या वाक्याचं बोलू. सिगरेट सोडलीत ते झकास, पण पाईप म्हणजे सुटका नव्हे, धूर छातीत घेतला नाही तरी तोंडाचा आणि घशाचा कॅन्सर पाईपवाल्यांनाही होतो, आणि सिगरेटची सवय असलेले लोक नकळत धूर आत ओढतातच. हे माहीत असूनही ओढायचाय ना, मग पुढचं वाचा.

तुमचा घोळ बहुतेक त्या सवयीतच आहे. सिगरेटसारखे जोरजोरात झुरके मारले की व्हर्जिनिया जातीची तंबाखू लगेच तापते. या पानात साखर भरपूर, वजनाच्या पाचव्या हिश्शापर्यंतसुद्धा जाते, आणि ती येते पान सुकवायच्या पद्धतीमुळे. बंद कोठारात लोखंडी नळ्यांतून गरम हवा फिरवतात, धूर पानाला लागू देत नाहीत, आधी मंद आचेवर पान पिवळं होतं आणि त्यातला स्टार्च साखरेत बदलतो, मग आच वाढवून पान वाळवलं की ती साखर तिथेच राहते. बर्ली ही तंबाखूची दुसरी जात नुसती हवेवर हळूहळू वाळते, तिच्यात साखर जवळजवळ उरतच नाही. पान असं पिवळं करायची युक्ती चुकून सापडली म्हणे. असं सांगतात की 1839 साली नॉर्थ कॅरोलिनाच्या कॅसवेल काउंटीत अबिशा स्लेडच्या शेतावर स्टीफन नावाचा गुलाम कोठारातली आग सांभाळताना झोपला, जाग आली तेव्हा आग विझत आलेली, त्याने घाईघाईने कोळसा टाकला, आणि त्या अचानक उष्णतेने पान लख्ख पिवळं निघालं. पैसा अर्थात मालकाकडे गेला.

तर साखर आहे म्हणून चव गोड, आणि जोरात ओढलं की धूर कडक नि टोचरा, जीभ सोलवटते. त्यात गॉविथची फ्लेक डब्यातून काढली की चांगलीच ओलसर असते. ओली तंबाखू पेटत नाही म्हणून तुम्ही आणखी जोरात ओढता, मग आत वाफ होते, आणि जीभ भाजते ती बरीचशी त्या वाफेने. म्हणजे विझणं आणि भाजणं हे दोन नाही, एकच दुखणं आहे.

फ्लेक म्हणजे दाबून वडी केलेल्या पानांच्या पातळ चकत्या. एक चकती बोटांनी मोकळी करून कागदावर पसरा आणि तासभर तरी विसरून जा, इंग्लंडच्या दमट हवेत जास्तही लागेल. चिमटीत दाबली की बोटाला चिकटता कामा नये पण भुगाही व्हायला नको. भरताना खाली सैल, वर जरा घट्ट. पहिल्यांदा पेटवलं की तंबाखू फुगून वर येते, ती टॅम्परने, म्हणजे तंबाखू दाबायच्या छोट्या दट्ट्याने, हलकेच दाबायची आणि परत पेटवायची. नंतर विझला तर विझू द्या हो, पुन्हा पेटवण्यात कमीपणा काही नाही, विझू नये म्हणून भकाभका ओढणं हेच वाईट. पाईपचं भांडं गालाला लावून बघा, चटका बसला तर खाली ठेवा.

चव लागते ती मंद धुरात. फिकट पिवळ्या व्हर्जिनियात वाळल्या गवताचा आणि थोडा लिंबाच्या सालीचा वास येतो, लाल व्हर्जिनियात अंजीर-मनुका. तुमची फ्लेक गडद, दाब आणि वाफ खाल्लेली, तिचा गोडवा अर्धा पाईप झाल्यावर जरा काकवीकडे झुकतो. थोडा धूर तोंडातून नाकावाटे सोडून पाहा, छातीत न घेता, निम्मी चव तिथेच कळते. आणि सुगंधी तंबाखू ओढलेला पाईप यासाठी वापरू नका, व्हॅनिलाचा वास लाकडातून महिनोन्महिने जात नाही.

प्रश्न : आजोबांचा जुना पाईप सापडला. आमच्याकडे निपाणीची तंबाखू सहज मिळते, ती भरली तर व्हर्जिनियासारखी लागेल का? (कोल्हापूर)

उत्तर : नाही लागणार. निपाणीची तंबाखू विडीसाठी पिकवलेली, उन्हात वाळवलेली, साखर कमी, निकोटिन जबरदस्त. पाईपमध्ये भरलीत तर गरगरायला लागेल, बाकी काही नाही. व्हर्जिनिया आपल्या देशातही पिकते, आंध्रात आणि कर्नाटकात म्हैसूरकडे, गुंटूरच्या टोबॅको बोर्डाच्या देखरेखीखाली तिचे लिलाव होतात, पण तो माल सिगरेट कंपन्यांकडे नाहीतर परदेशी जातो. पाईप मात्र जपा. ब्रायरचा, म्हणजे पाईपसाठी वापरतात त्या कठीण लाकडाचा असेल तर आतला काजळीचा थर चाकूने खरवडू नका, पाईप क्लीनर थोड्या अल्कोहोलमध्ये बुडवून दांड्यातून फिरवा, पांढरा बाहेर येईपर्यंत, आणि दोन दिवस उघडा वाळू द्या.