केवळ झोप कमी पडल्यामुळे रक्तातील साखर वाढू शकते का?

होय, वाढू शकते. हे मी ठामपणे लिहीत आहे, कारण याच प्रश्नावरून आमच्या घरात बराच काळ वाद चालला होता आणि त्या वादात सगळा दोष माझ्या स्वयंपाकावर ठेवला गेला होता. तुम्ही लिहिले आहे की जेवण बेताचे आहे, गोड फारसे खात नाही, घराण्यात मधुमेह नाही, फक्त कामामुळे झोपायला रात्रीचा दीड वाजतो आणि सहाला उठावे लागते. तरीही उपाशीपोटीची साखर ११२ आली, ती कशी, आणि रविवारी झोप भरून काढली तर चालेल का. अशा प्रश्नाला भात सोडा, चहा सोडा असे उत्तर देणारे शंभर लोक भेटतात. किती वाजता झोपता, हे विचारणारा क्वचितच भेटतो.

माझे यजमान भोसरीच्या एका कारखान्यात मशिनवर काम करतात आणि त्यांच्या पाळ्या दर आठवड्याला फिरतात. कंपनीच्या वार्षिक तपासणीत त्यांची उपाशीपोटीची साखर ११८ आणि एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी तपासणी, ६.२ आली, म्हणजे मधुमेह नव्हे, पण त्याच्या उंबरठ्यावर. अहवाल घरी आला त्या दिवसापासून सर्वांची नजर साखरेच्या डब्यावर खिळली. चहातील साखर बंद झाली, भाताच्या जागी भाकरी आली, दिवाळीचा फराळ शेजारी वाटून टाकला गेला, आणि तरीही आकडा हलेना, तेव्हा सासूबाई आणि थोरले दीर यांनी मी चोरून काहीबाही खाऊ घालते असा अर्थ काढला. हे मला आजही लागते. पथ्याचा प्रत्येक घास मी मोजून वाढत होते, परंतु सकाळी साडेसातला रातपाळीवरून येणारा माणूस किती तास झोपतो, हे त्या घरात कोणीच मोजत नव्हते.

ती झोप कशी असायची ते सांगते. साडेआठला ते पडत. दहाच्या सुमारास सिलिंडरवाला किंवा कुरियरवाला बेल वाजवी, अकराला कुकरच्या शिट्ट्या होत, आणि एकच्या ठोक्याला सासूबाई स्वतः दार उघडून म्हणत, “ऊठ रे, दोन घास खा आणि मग पुन्हा पड.” त्यांची माया खरी होती, पण एकदा मोडलेली ती झोप पुन्हा लागत नसे. ग्लुकोमीटर आणल्यानंतर मी मुद्दाम ताडून पाहिले. पहिल्या पाळीच्या आठवड्यात भाकरी, मेथीची भाजी आणि मुगाची आमटी खाल्ल्यावर दोन तासांनी जो आकडा येई, त्यापेक्षा रातपाळीच्या आठवड्यात त्याच पानावरून उठल्यावर येणारा आकडा वारंवार तीस-चाळीसने जास्त असे. पान तेच, वाढणारी तीच, फरक फक्त झोपेचा.

यावर थोरल्या दिरांनी गौरीच्या जेवणाला सर्वांसमोर मला सुनावले की रातपाळी काही आज निघालेली नाही, आमच्या वडिलांनी लालबागच्या गिरणीत सारा जन्म तिसरी पाळी केली आणि त्यांना मधुमेह झाला नाही. उलट दिवसा लोळण्यानेच हा रोग होतो, असे चरकांनी सांगून ठेवले आहे, असेही ते म्हणाले. ‘आस्यासुखं स्वप्नसुखं’, म्हणजे बसून राहण्याचे आणि झोपण्याचे सुख, हा चरण त्यांना पाठ आहे आणि प्रमेहाच्या, म्हणजे ज्यात मधुमेहही येतो त्या विकारांच्या, कारणांमध्ये तो खरोखरच आहे. परंतु त्याच श्लोकात पुढे दही, नवे धान्य आणि गुळाचे पदार्थ येतात. म्हणजे तेथे वर्णन आहे ते खाऊनपिऊन सुखाने बसून राहणाऱ्या माणसाचे, रात्रभर यंत्रासमोर उभे राहून आलेल्याचे नव्हे. त्याच चरकसंहितेच्या सूत्रस्थानात दिवसा कोणी झोपावे याची यादी दिलेली आहे, तीत प्रवासाने आणि जागरणाने थकलेले लोक स्पष्टपणे आहेत, आणि त्यांनी कोणत्याही ऋतूत दिवसा झोपावे असे म्हटले आहे. शास्त्राचा आधार घ्यायचा असेल तर तो पूर्ण घ्यावा. राहिले सासरे. त्यांची रक्तातील साखर हयातीत एकदाही तपासली गेली नव्हती, आणि त्यांच्या पायाची जखम महिनोन्‌महिने भरत नसे, हे सासूबाईच सांगतात. त्यावरून त्यांना मधुमेह होताच असे मी म्हणणार नाही. पण नव्हताच, असे म्हणण्याचाही कोणाला अधिकार नाही.

आता तुमच्यासाठी अधिक उपयोगाचे. शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी १९९९ साली ११ निरोगी तरुणांना लागोपाठ सहा रात्री फक्त चार तास झोपू दिले. पुढे भरपूर झोप मिळाल्यानंतरच्या स्थितीशी तुलना केली तेव्हा असे दिसले की अपुऱ्या झोपेत त्यांच्या रक्तातील साखर निवळण्याचा वेग सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाला होता, आणि संध्याकाळी जे कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचे संप्रेरक, उतरायला हवे ते चढेच राहत होते. त्याच विद्यापीठात २००८ साली झालेला प्रयोग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. त्यात झोपेचे तास कमी केलेच नव्हते; झोपलेला माणूस जागा होणार नाही पण त्याची गाढ झोप उथळ होईल एवढाच आवाज तीन रात्री केला गेला, आणि तेवढ्याने इन्सुलिनला दाद देण्याची शरीराची क्षमता सुमारे २५ टक्क्यांनी घटली. आमच्या घरातील बेल, कुकर आणि एकच्या ठोक्याची हाक यांचा हिशेब मला तेथे मिळाला. अमेरिकेतील पावणेदोन लाखांहून अधिक परिचारिकांच्या २०११ सालच्या अभ्यासात फिरत्या रातपाळीची वर्षे जसजशी वाढली तसतसा टाइप २ मधुमेहाचा धोका वाढत गेलेला दिसतो. रातपाळी अजिबात न केलेल्यांच्या तुलनेत वीस वर्षांहून अधिक काळ केलेल्यांमध्ये तो ५८ टक्क्यांनी जास्त होता. त्यातील काही भाग वाढलेल्या वजनामुळे होता, सगळा नव्हे.

आम्ही जे केले त्यात औषध काही नव्हते. मी पडद्यांना आतून काळ्या कापडाचे अस्तर शिवले, रातपाळीच्या आठवड्यात बेलचे बटण बंद ठेवले, सिलिंडर आणि कुरियर शेजारच्या काकूंकडे द्यायला सांगितले आणि कुकर-मिक्सर सकाळी सातच्या आत उरकून घेतले. सासूबाईंना मी स्वच्छ सांगितले की यजमानांना भूक लागली की ते उठतील, त्यांना कोणी उठवायचे नाही. त्यावरून अबोला झाला, तो मी सोसला. दुसरा बदल जेवणाच्या वेळेचा. कँटीनमध्ये रात्री अडीचला भात, वडा आणि गोड चहा मिळत असे, आणि जागे राहायचे म्हणून सगळेच तो खात. रात्री शरीरात मेलाटोनिन हे झोपेचे संप्रेरक वाढलेले असते, त्या वेळी स्वादुपिंडातून इन्सुलिन कमी सुटते, त्यामुळे दुपारी पचणारा भात अडीच वाजता साखर चढवतो. बोस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स रुग्णालयातील संशोधकांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, कृत्रिम रातपाळीत रात्री जेवणाऱ्यांची सरासरी साखर ६.४ टक्क्यांनी वाढली आणि फक्त दिवसा जेवणाऱ्यांची लक्षणीयरीत्या वाढली नाही. यजमान आता नऊला पोटभर जेवून निघतात आणि रात्री फार तर ताक आणि मूठभर भाजलेले चणे घेतात. पुढच्या तपासणीत एचबीए१सी ५.८ आली. साखरेचा डबा तोच, स्वयंपाकघर तेच.

तुमच्या बाबतीत साडेचार तासांची झोप फारच अपुरी आहे. प्रौढ माणसाला सात ते आठ तास लागतात, आणि मोठ्या पाहणींमध्ये मधुमेहाचा धोका तेवढ्याच झोपेत सर्वांत कमी आढळलेला आहे. रविवारी भरून काढण्यावर विसंबू नका. २०१९ साली कोलोरॅडो विद्यापीठात हेच तपासले गेले, आणि सुटीला भरपूर झोपून पुन्हा आठवडाभर कमी झोपणाऱ्यांची इन्सुलिनला दाद देण्याची क्षमता सुधारलेली आढळली नाही. काम कमी करता येत नसेल तर निदान ते पहाटे करा आणि रात्री अकराला अंथरुणावर जा. घरच्यांना यासाठी समजावावे लागेल, आणि तुम्ही साखर सोडल्याचे कौतुक करणारेच ‘एवढ्या लवकर कसला झोपतोस’ म्हणतील. त्यांचे ऐकू नका.

काही गोष्टी मात्र सांगायलाच हव्यात. यजमानांचे वजनही त्या काळात उतरले आणि सायंकाळचे चालणे सुरू झाले, त्यामुळे सगळे श्रेय झोपेला देता येणार नाही. घरच्या ग्लुकोमीटरचा आकडा प्रयोगशाळेपेक्षा १५ टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे असू शकतो, म्हणून एका आकड्यावर नव्हे, कलावर विश्वास ठेवावा. वर सांगितलेले प्रयोग थोड्या लोकांवर आणि थोड्या दिवसांचे आहेत, आणि परिचारिकांचा अभ्यास निरीक्षणाचा आहे. तुमची ११२ एकट्या झोपेमुळेच आली असे मी येथून सांगू शकत नाही. उपाशीपोटीची तपासणी पुन्हा करा आणि सोबत एचबीए१सी करून घ्या. तुम्ही मोठ्याने घोरत असाल, झोपेत श्वास अडकल्याचे पत्नीच्या लक्षात आले असेल किंवा आठ तास झोपूनही दिवसा डोळे मिटत असतील, तर तास वाढवून भागणार नाही. तो स्लीप अ‍ॅप्निया, म्हणजे झोपेत श्वास थांबण्याचा विकारही असू शकतो, त्यात रात्रभर झोप तुटत राहते आणि साखरही बिघडते, आणि त्यासाठी निद्रापरीक्षण लागते. आमच्या थोरल्या दिरांना ही सर्व लक्षणे आहेत आणि त्यांना आता साखरेची गोळीही सुरू झाली आहे. मी त्यांना हे परीक्षण दोनदा सुचवले आहे, सोबत येण्याचीही तयारी दाखवली आहे.

शेवटी, हे वाचणारे जे आधीच गोळ्या घेत आहेत आणि पाळीत काम करतात, त्यांनी जेवणाच्या वेळा बदलण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. ग्लिमेपिराइडसारखी इन्सुलिन वाढवून साखर उतरवणारी गोळी घेऊन जेवण टाळले तर साखर धोकादायकरीत्या खाली जाते, आणि रात्री तीन वाजता यंत्रासमोर ते होणे फार वाईट.