मुलगा म्हणतो वेलनेस कोच होणार, करू द्यावं का?

नमस्कार ताई, तुमचं पत्र वाचलं. मुलगा बीकॉम झालाय, साताऱ्यातच एका जिममध्ये ट्रेनर आहे, आणि आता ‘बिहेवियर चेंज स्पेशालिस्ट’चा, म्हणजे लोकांना सवयी बदलायला मदत करायचा, कोर्स करून वेलनेस कोच व्हायचं म्हणतोय. तुमचा प्रश्न असा की लोकांना गोड खाऊ नका, चालायला जा एवढं सांगायचे पैसे कोण देणार. बरोबर आहे, कोणीच देणार नाही, पण ते काम सांगायचं नाहीच आहे मुळात.

माझंच बघा. शुगर बॉर्डरवर आली तेव्हा डाएटचा छापील कागद मिळाला, तो सहा महिने फ्रीजच्या दारावर आणि आत कंदी पेढे. मग एका कोच पोरीनं फक्त विचारलं, काका दिवसातला कुठला चहा सोडायला कमी जिवावर येईल? मी म्हणलं चारचा, तो ऑफिसात सगळे पितात म्हणून पितो. मग चार वाजता मी कुठं असतो, कोण बोलवायला येतं, तेव्हा उठून जरा चक्कर मारता येईल का, असं ती विचारत गेली आणि ठरवलं मीच. तो चहा सुटला. बाकीचे दोन चालू आहेत, खोटं कशाला बोलू.

याला आधार पण आहे बरं का. अमेरिकेत डायबेटिस व्हायच्या बेतात असलेल्या लोकांवर मोठा अभ्यास झाला, 2002 ला छापून आला. कोचच्या मदतीनं वजन 7 टक्के कमी करायचं आणि आठवड्याला 150 मिनिटं चालायचं असं टार्गेट होतं, त्या गटात डायबेटिस होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिन या डायबेटिसच्या गोळीनं 31 टक्क्यांनी. आणि आपल्याकडं आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, तिच्या 2023 च्या आकड्यानुसार 10 कोटींवर डायबेटिसवाले आहेत, म्हणजे गिऱ्हाईक भरपूर, पण नुसत्या बोलण्याचे पैसे द्यायची सवय आपल्याकडं नाही, ही खरी अडचण.

आता कोर्सचं. अमेरिकेतल्या एसीई या फिटनेस ट्रेनरचे कोर्स घेणाऱ्या संस्थेचा ‘बिहेवियर चेंज स्पेशालिस्ट’ नावाचा कोर्स आहे, चांगला आहे, पण तो ट्रेनरच्या कामाला जोड म्हणून, त्यावर कोणी घरी येऊन नोकरी देत नाही. आपल्याकडं हे काम करायला डॉक्टरसारखी नोंदणी लागत नाही, त्यामुळं प्रोटीन शेकच्या पावडरचे डबे विकणारे पण स्वतःला वेलनेस कोचच म्हणवतात (असा एक तुमच्या गल्लीत पण असेल). त्यात त्याला पडू देऊ नका. पैसे घालायचेच तर आधी सायकॉलॉजीचं एमए बघा. इग्नू या मुक्त विद्यापीठाचं बीकॉमवर, नोकरी सांभाळून करता यायचं, पण 2025 पासून यूजीसीनं दूरशिक्षणातून सायकॉलॉजीचे नवे प्रवेश थांबवलेत, त्यामुळं कॉलेजात जाऊनच करावं लागेल. मात्र नुसत्या एमएनं तो क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट (मानसिक आजारांवर उपचार करणारा) होत नाही, त्याला आरसीआय, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. इन्सुलिनवाल्याचा डाएट, डिप्रेशन, असलं काही आलं की सरळ डॉक्टरकडं पाठवायचं, हे त्याला आत्ताच पक्कं कळू दे.

कोर्सची फी भरायच्या आधी एक करा. साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनसाठी यवतेश्वरचा घाट पळणारे आणि नंतर बूट माळ्यावर टाकणारे त्याच्या जिममध्ये असतीलच, त्यातले तिघं धरायला सांगा, तीन महिने, फुकट. सल्ला द्यायचा नाही, नुसतं विचारायचं आणि वहीत लिहायचं. काय झालं ते मला कळवू दे.

आणि ताई, पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की बीपीची गोळी घ्यायची राहून जाते. मग चौथ्या तुम्हीच व्हा. पोरगं जर “आई, किती वेळा सांगायचं तुला” म्हणून ओरडलं, तर फी भरायची घाई करू नका.